पितळी काटा

काझीसाहेबांसमोर ‘जवळजवळ’ हा शब्द वापरायची सोय नव्हती. बस जवळजवळ आलीच, असं कुणी म्हटलं की ते चष्मा नाकावर खाली ओढायचे आणि अतिशय अदबीनं विचारायचे, “जवळजवळ म्हंजे किती?” ती अदब खरी असायची, म्हणून समोरच्याला धड चिडताही यायचं नाही. मी तरी चिडायचे. वाळूजच्या आमच्या कारखान्यात तपासणी विभागाची कागदपत्रं सांभाळायला मी लागले, त्याच आठवड्यात त्यांनी मला धरलं. अहवाल जवळजवळ झालाय, असं मी सहज बोलून गेले होते.

“किती झाला, बाई? अर्धा?”

“पाऊण,” मी फणकाऱ्यानं म्हणाले.

“मग पाऊण म्हणा की. पाऊण लई चांगला शब्द हाय.”

हमीद काझी आमच्याकडे दाबाची गेजं तपासायचे. तेल, हवा, वाफ जिथं म्हणून कोंडलेली असते तिथं घड्याळासारखी गोल गेजं बसवलेली असतात, आणि महिनोन्महिने राबून ती हळूहळू खोटं बोलायला लागतात. मग ती उतरवून काझीसाहेबांच्या खोलीत यायची. तिथं तेलावर तरंगणाऱ्या एका दांड्यावर ते पितळी चकत्या ठेवायचे. त्यांच्या वजनानं नेमका ठाऊक असलेला दाब तयार व्हायचा, आणि गेज तेवढाच दाखवतं का ते बघायचे. बघण्याआधी काचेवर नखानं दोन टिचक्या मारायच्या, कारण काटा कुठं अडकला असेल तर टिचकीनं सुटतो. ही सवय हाडात इतकी मुरली होती की भिंतीवरचं घड्याळ, चहाचा ग्लास, माझ्या टेबलाची काच, सगळ्यांना टिचक्या मिळायच्या. गेज बरोबर लागलं की त्यावर एक छोटी पांढरी चिठ्ठी चिकटवायची. तिच्यावर आजची तारीख, पुढच्या तपासणीची तारीख आणि सही. एकदा चिठ्ठी लागली की पुढच्या तारखेपर्यंत त्या गेजच्या स्क्रूला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. मॅनेजरनंसुद्धा नाही, आणि बाहेरून दुसऱ्यानं तपासून आलेलं गेज असलं तर खुद्द काझीसाहेबांनीही नाही. “दुसऱ्याची सही हाय त्याच्यावर,” काझीसाहेब म्हणायचे, आणि त्यापुढं बोलणं संपायचं.

दाबाची आणखी एक भानगड म्हणजे तो एका भाषेत बोलत नाही. आमची जुनी गेजं किलोची, म्हणजे एका चौरस सेंटिमीटरवर किती किलो त्याची. बाहेरच्या देशातून आलेली यंत्रं बार सांगायची. नवीन नकाशांवर किलोपास्कल असायचं. कामगार सगळ्यालाच ‘किलो’ म्हणत आणि त्यांचं काही अडत नसे. काझीसाहेबांचं अडायचं. एक बार म्हणजे शंभर किलोपास्कल, एक किलो म्हणजे अठ्ठ्याण्णव पूर्णांक शून्य सहा सहा पाच. ते शेपटासकट म्हणायचे, एकही आकडा न गाळता.

एकदा एका गिऱ्हाइकाच्या नकाशावर सहा बारची चाचणी लिहिलेली होती, आणि आमच्या लोकांनी सगळा माल सहा किलोवर तपासून पेट्यांत भरला. काझीसाहेबांनी पेट्या अडवल्या. गायकवाड नावाचे आमचे सुपरवायझर हात जोडून आले. “काझीसाहेब, बार काय अन् किलो काय, जवळजवळ एकच की.”

“जवळजवळ म्हंजे किती?”

गायकवाडांनी कपाळाला हात लावला. शंभरात दोनचा फरक होता. सुट्टीच्या दिवशी माणसं बोलावून सगळ्या पेट्या उघडल्या, एकेक नग पुन्हा तपासला, आणि एकही गळला नाही. गायकवाड संध्याकाळी त्यांच्या खोलीच्या दारात उभे राहून म्हणाले, “सगळे पास. काय मिळवलंत?”

“आधी वाटत व्हतं, आता माहीत झालं,” काझीसाहेब म्हणाले.

पुढं बरेच दिवस कँटीनमध्ये त्यांच्या टेबलावर कुणी बसत नव्हतं. डबा उघडून ते एकटेच खायचे, समोरच्या पाण्याच्या ग्लासला टिचकी मारून. लोक आपल्याला टाळतात हे यांना कळत नाही, असं मला तेव्हा वाटायचं. मी जाऊन बसायला लागले ते दयेनं नव्हे, त्यांच्या बायकोच्या, राबियाभाभींच्या हातच्या खट्ट्या डाळीसाठी. तसं मी त्यांना सांगितलंही होतं. त्यांनी डबा माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, “चालतंय. कारण खरं असलं की पुरे.”

घर संभाजीनगरात रोशनगेटजवळ, एका बोळातला वरचा मजला. मूळचे वैजापूरचे. वडील तिथल्या मोंढ्यात कापूस तोलायचे. मापाचा हट्ट तिथून आला असावा, असा माझा आपला अंदाज. पंक्चर काढणाऱ्या पोराला स्कूटर दाखवून ते म्हणायचे, “दोनशे वीस किलोपास्कल भर.” पोरगा म्हणायचा, “बत्तीस ना चाचा?” आणि साहेब मान हलवून म्हणायचे, “तुझ्या पौंडात बत्तीस.” घरात राबियाभाभी त्यांना पुरून उरायच्या. कुकरची शिट्टी एक बारला उचलली जाते, हे ते मला कौतुकानं समजावत होते, तेवढ्यात आतून आवाज आला, “मेरेकू सिट्टियां गिनना आता. बार तुमारे पास रक्खो.”

त्यांची एकुलती एक मुलगी शाहीन. लहानपणी ती वडिलांच्या जुन्या चिठ्ठ्या आणून घरभर चिकटवायची. कुकरवर, पंख्याच्या बटणावर, एकदा तर झोपलेल्या आईच्या मनगटावर. प्रत्येकीवर वाकडीतिकडी सही आणि पुढची तारीख. काझीसाहेबांनी त्यांतली एकही काढली नाही. कुकरवरची चिठ्ठी वाफेनं आपोआप गळून पडेपर्यंत तिथं होती, असं भाभी सांगायच्या. पोरीला स्क्रूड्रायव्हर धरायला त्यांनीच शिकवलं. ती शिकली, फार्मसिस्ट झाली, लग्न होऊन मस्कतला गेली.

त्यांच्या बैठकीत एक वायुभारमापक टांगलेला असायचा. हवेचा दाब दाखवणारी जुनी गोल तबकडी, शहागंजच्या जुन्या बाजारातून आणलेली. तिला दोन काटे. काळा काटा हवेप्रमाणे आपोआप हलतो, पितळी काटा हातानं फिरवून ठेवायचा असतो, कालचा दाब लक्षात राहावा म्हणून. तबकडीवर पाऱ्याचे मिलिमीटर आणि इंग्रजीत हवेचे शेरे होते. काझीसाहेबांच्या घरातला काळा काटा बाराही महिने वादळावर असायचा. बाहेर रखरखीत ऊन आणि हा म्हणतोय वादळ.

“बिघडलाय का हो?” मी पहिल्यांदा विचारलं.

“बरोबर हाय. लिहिलंय ते समुद्राकाठच्या लोकांसाठी. आपण उंचावर राहतो, आपली हवा पातळ.” मग त्यांनी मला तो उलटा करून मागचं बारीक भोक दाखवलं. आत एक स्क्रू होता. तो फिरवला की काटा समुद्रसपाटीचा आकडा दाखवायला लागतो. सगळे लोक तसाच लावून घेतात, बातम्यांत आणि मोबाईलवरही तोच आकडा असतो.

“मग तुम्ही का नाही लावत?”

“मी समुद्रावर राहत नाय, बाई. या खोलीत जेवढी हवा हाय तेवढीच दाखवंल.”

आता जे सांगायचं ते मला सांगावंसं वाटत नाही. राबियाभाभी आजारी पडल्या. काझीसाहेबांनी पाऱ्याचं यंत्र आणलं आणि सकाळ-संध्याकाळ स्वतः रक्तदाब घ्यायला लागले. मी खिचडी घेऊन गेले होते त्या दिवशी मस्कतहून फोन आला. आवाज मोठा केलेला होता, त्यामुळे शाहीनचं बोलणं सगळ्यांना ऐकू येत होतं. “अब्बा, अम्मी कैसी है?”

“एक सौ तीस, चौरासी. ठीक है.”

भाभी पलंगावरून हळू म्हणाल्या, “उसकू बोलो ना, आ जा बोलके.”

काझीसाहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं, यंत्राकडे पाहिलं, आणि फोनमध्ये म्हणाले, “सुबह से बेहतर है.” तेही खरंच होतं. पोरीची नोकरी नवी होती, आकडा चांगला होता, मग तिला कशाला घाबरवायचं, असा त्यांचा हिशेब. मी तिथंच बसले होते. मीही आकडाच ऐकला.

भाभी त्याच आठवड्यात गेल्या. शाहीन आली तेव्हा दफन उरकलं होतं. बायकांत बसलेली ती एकदम उठून जिन्याशी उभ्या असलेल्या वडिलांकडे गेली आणि म्हणाली, “तुम मुझे आकडे सुनाते रहे, अब्बा. अम्मी बुला रही थी, वो नहीं बोले.” एवढंच. रडली नाही, ओरडली नाही. भाभींनी बोलावलं होतं हे तिला कुणी सांगितलं, मला ठाऊक नाही. मी नव्हतं सांगितलं. ती परत गेली, आणि मग वर्षामागून वर्षं आली नाही.

काझीसाहेब निवृत्त झाले. मी पुंडलिकनगरच्या माझ्या घरून अधूनमधून त्यांच्याकडे चक्कर टाकायचे. स्वयंपाकघरात एक कप, एक ताटली, आणि कुकर फडताळात वर ठेवून दिलेला. एकट्यासाठी कुकर लावत नाहीत म्हणाले. एकदा ते आपणहून बोलले. “आकडे बरोबर व्हते, बाई. मी एकही चुकीचा सांगितला नाय.” थोड्या वेळानं पुन्हा, “पण ती आकडा विचारत नव्हती.”  कँटीनमधल्या आपल्या टेबलाभोवतीच्या रिकाम्या खुर्च्याही त्यांना दिसत होती, हे मला त्या दिवशी समजलं.

शुक्रवारी दुपारी, नमाजानंतर, शाहीनचा फोन यायचा. कर्तव्य म्हणून येतो, एवढं ऐकणाऱ्याला कळायचं. त्या फोनवर बोलायला दोघांकडे काही उरलं नव्हतं. आईचं नाव निघालं की गप्प व्हायचं आणि तब्येत विचारायची तर पुन्हा आकडाच सांगावा लागणार. तेव्हा काझीसाहेबांनी एक वाट काढली. ते विचारायचे, “बेटा, हवा कितनी?” ती मोबाईलमध्ये बघून सांगायची, एक हजार आठ. हे हेक्टोपास्कल, म्हणजे शंभर-शंभर पास्कलचे गठ्ठे. त्याची पाऊण केली की पाऱ्याचे मिलिमीटर होतात, सातशे छप्पन्न. “अन् वर सहा शतांश,” ते स्वतःशीच म्हणायचे. मग उठून तबकडीला दोन टिचक्या मारायच्या आणि पितळी काटा सातशे छप्पन्नावर ठेवायचा. काळा काटा आपल्या गावाचा, पितळी काटा मस्कतचा. पुढच्या शुक्रवारपर्यंत ते दोन काटे तसेच समोरासमोर असायचे.

“हा आकडा तुमच्या मोबाईलवर पण येतो की,” मी म्हणाले.

“येतो. तीबी मोबाईलमदीच बघती. पण सांगती ती.”

एकदा मी नको ते बोलले. काट्यांमधलं ते पन्नास मिलिमीटरचं अंतर मला बघवत नव्हतं. “साहेब, मागचा तो स्क्रू फिरवून टाका ना. दोघं शेजारी तरी येतील.” त्यांना रागावलेलं मी तेवढं एकदाच पाहिलं. “अंतर हाय ते हाय, बाई. दोन जागांपैकी एक हलल्याबिगर ते जाणार नाय. स्क्रू फिरवून काय जातंय?” मी चहाचे कप उचलून मोरीत ठेवायला गेले.

मग तो उन्हाळ्याच्या अखेरचा शुक्रवार. त्या दिवशी मी होतेच. शाहीननं नऊशे शहाण्णव सांगितलं. काझीसाहेबांनी पाऊण केली, काटा फिरवला आणि तिथंच उभे राहिले. आदल्या शुक्रवारी तो बराच वर होता. संध्याकाळी त्यांनी स्वतः फोन लावला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. आता नऊशे एक्क्याण्णव होतं. “समुंदर में तूफान है. काम पे मत जा, बेटा. घर में बैठ,” ते म्हणाले आणि तेवढ्यात फोन कटला. त्यानंतर लागलाच नाही. मस्कतला वादळ धडकल्याचं टीव्हीवर दिसलं. रस्त्यांवरून पाणी वाहत होतं, मोटारी एकमेकींवर चढलेल्या होत्या.

ते दिवस त्यांनी कसे काढले ते मी बघितलं. जेवण टाकलं होतं. फोन हातात, आणि पितळी काटा त्या नऊशे एक्क्याण्णवच्या पाऊणवर. मी जबरदस्तीनं भाकरी खायला बसवलं त्या दुपारी फोन वाजला. तिकडून शाहीनचा आवाज आला, “अब्बा, यहाँ अब एक हजार…” ती बिचारी आपणहून आकडा सांगत होती. काझीसाहेबांनी तिला मध्येच थांबवलं.

“छोड वो. तू कैसी है?”

 मग ती रडायला लागली, आणि मी उठून गच्चीत गेले. परत आले तेव्हा फोन झाला होता. पितळी काटा त्यांनी हलवला नव्हता. भाकरीचा घास तसाच हातात होता. “ठीक हाय ती,” मला म्हणाले. “घाबरली व्हती म्हणाली. मी बी सांगितलं, मी बी घाबरलो व्हतो. तिच्या अम्मीचं बी सांगितलं. सगळं.”

त्या डिसेंबरात शाहीन आली आणि चांगले बरेच दिवस राहिली. मी मुद्दामच गेले नाही. बोळातल्या लोकांनी सांगितलं की वरच्या मजल्यावरून रोज कुकरच्या शिट्ट्या ऐकू येतात.

काझीसाहेबांना मी शेवटचं पाहिलं ते त्यानंतरच्या संक्रांतीला. पावसाळ्यात ते गेले, झोपेत, कुणालाही त्रास न देता. पण मला ते आठवतात ते त्या संक्रांतीच्या दुपारचे. मी तिळगूळ घेऊन गेले होते. शाहीन परत मस्कतला गेली होती, आणि घर पुन्हा एका कपाचं झालं होतं. त्यांनी चहा ठेवला. माझं लक्ष भिंतीकडे गेलं. काळा काटा वादळावर नव्हता. पार वर, निरभ्र आकाशाच्या शेऱ्याशी होता, आणि पितळी काटा त्याला अगदी लागून.

“साहेब, हा चुकीचं दाखवतोय. पन्नासेक मिलिमीटरनं.”

“एकोणपन्नास,” ते म्हणाले.

मग सांगितलं. एका दुपारी ते मशिदीत गेले असताना शाहीन स्टुलावर चढली होती. बाहेर स्वच्छ ऊन, मोबाईल संभाजीनगरचा दाब एक हजार पंधरा सांगतोय आणि अब्बांची तबकडी वादळ म्हणतेय. तिला वाटलं, म्हाताऱ्या माणसाच्या घरात कुणी बघणारं नाही, बिचारा किती वर्षं बिघडलेलाच चालला आहे. त्यांचाच बारका स्क्रूड्रायव्हर घेऊन तिनं तो मोबाईलबरहुकूम लावून ठेवला. ते परतले तेव्हा लहानपणी दिसायची तशी खूश होती.

“मग तुम्ही काय म्हणालात?”

“म्हणलं, शुक्रिया बेटा.”

“आणि ती गेल्यावर परत नीट का नाही लावलात?”

काझीसाहेबांनी तबकडी खिळ्यावरून काढली आणि उलटी करून माझ्या हातात दिली. मागच्या भोकावर एक पांढरी चिठ्ठी चिकटवलेली होती, अगदी सरळ, कडेला एक बुडबुडा नाही. तिच्यावर डिसेंबरची तारीख होती आणि खाली शाहीनची सही. त्याखाली पुढच्या तपासणीची तारीख, येत्या डिसेंबरची.

“दुसऱ्याची सही हाय,” ते म्हणाले.

त्यांनी तबकडी परत टांगली, सरळ केली, काचेवर दोन टिचक्या मारल्या. दोन्ही काटे जागचे हलले नाहीत. ते बराच वेळ बघत होते. चहा उकळून उतू गेला तो मीच उतरवला.

निघताना ते जिन्याच्या वरच्या पायरीपर्यंत आले. कठड्यावर हात ठेवून उभे, अंगात भाभींनी विणलेला जुना स्वेटर. मी खाली उतरून वर पाहिलं आणि काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, “मग आता कधी येणार शाहीन?”

“तारीख लिहिलीय की तिनं,” काझीसाहेब म्हणाले. “आता जवळजवळ वर्षच राहिलंय.”

जवळजवळ म्हणजे किती, हे मी विचारलं नाही.